एका खात्यात अख्खं घर

संगणक एक, माणसं पाच, आणि खातंही एकच. पेणच्या आळ्यांतून, रोह्याच्या सोसायट्यांतून बहुतेक घरी हेच दिसतं. बटण दाबलं की काहीही न विचारता थेट पडदा उघडतो. खात्याचं नाव 'यूजर', 'अ‍ॅडमिन' किंवा मशीन जोडून देणाऱ्या दुकानाचं. त्याच पडद्यावर वडिलांची कर्जाची कागदपत्रं, आईचे बचतगटाचे हिशेब, मुलीचा प्रवेशअर्ज आणि मुलाचे खेळ. शिवाय शेजारच्या काकांनी 'जरा प्रिंट काढून दे' म्हणत पेनड्राइव्हवरून ओतलेला त्यांचा सातबारा.

मशीन एकच असायला माझी काही हरकत नाही. दोन मशिनं परवडणारी घरं आपल्याकडे थोडी. प्रोग्रॅमही एकदाच विकत घ्यावा, सगळ्यांनी मिळून वापरावा. पण खातं एकच ठेवण्यात एका पैशाचीही बचत नाही. वेगळ्या खात्यांची सोय विंडोज एक्सपीत, म्हणजे २००१ पासून, घरगुती मशिनात फुकट पडून आहे. न वापरल्याची किंमत मात्र घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

यावर ठरलेली सबब अशी की पाच खाती केली तर टॅली पाच वेळा घालावं लागेल, डिस्क भरून जाईल, श्रीलिपीचं डोंगल एकाच खात्यात चालेल. यातलं काहीच खरं नाही. प्रोग्रॅम एकदा नीट बसवला की तो 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाच्या सामायिक जागी राहतो आणि प्रत्येक खात्यातून उघडतो. वेगळं राहतं ते ज्याचं त्याचं सामान: डेस्कटॉप, कागदपत्रं, फोटो, ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या पेणकरांना तर हे समजावून सांगायलाच नको. साचा कारखान्याचा असतो, त्यातून निघालेली मूर्ती ज्याच्या त्याच्या घरी जाते.

अडचण येते ती बसवताना. काही प्रोग्रॅम सुरुवातीलाच विचारतात, सगळ्यांसाठी बसवू की फक्त तुमच्यासाठी? आपण न वाचता 'नेक्स्ट', 'नेक्स्ट' करत सुटतो. काही तर विचारतही नाहीत, बसवणाऱ्याच्या खासगी फोल्डरात जाऊन बसतात. मग दुसऱ्या खात्यात ते दिसत नाहीत आणि घरात निकाल लागतो की वेगळ्या खात्यांनी घोटाळा केला.

मराठीत काम करणाऱ्यांना यातला सगळ्यात मोठा फटका फाँटचा बसतो. २०१८ च्या सुधारणेपासून विंडोज १० मध्ये फाँटवर उजवी टिचकी मारून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं, तर तो फक्त त्याच खात्यात बसतो. पावतीपुस्तकाची फाइल दुसऱ्या खात्यात उघडली की अक्षरांच्या जागी कचरा दिसतो. खाली 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' असा दुसरा पर्याय असतो. तो निवडला की विषय संपला. इनस्क्रिप्टचा कीबोर्डही प्रत्येक खात्यात एकदा जोडावा लागतो, दोन मिनिटांचं काम आहे. पण हे सांगणारं कोणी नसतं, म्हणून किती दुकानांतून आणि कार्यालयांतून वेगळी खाती बनली आणि आठवड्यात मोडली गेली असतील! फाँट दिसेना म्हणून माणसाची खासगी जागाच काढून घ्यायची, हा कुठला न्याय?

आता मूर्तींचा कारखाना घ्या. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात गणपतीचा धंदा वर्षभर चालतो आणि त्याचे हिशेब आता वहीबरोबर संगणकातही असतात. मशिनावर मालक बसतो, पुतण्या बसतो, हिशेबनीस बसतो, हंगामात बॅनर करणारा पोरगाही बसतो. कोणत्या व्यापाऱ्याला कोणता दर, कोणाची उधारी किती, कोणत्या कारागिराला किती उचल, हे सगळं एकाच पडद्यावर. टॅलीप्राइमचा हिशेब आपण जागा बदलली नाही तर 'पब्लिक' फोल्डरात, म्हणजे मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवला जातो. हिशेब दोघातिघांनी मिळून लिहायचा असतो, त्यामुळे ते चूक नाही. त्यासाठीच टॅलीत वापरणाऱ्यांची वेगवेगळी नावं देता येतात आणि टॅलीव्हॉल्टचं कुलूपही आहे. हे कुलूप न लावता कारागिराची उचल कारखानाभर झाली, तर त्या कारागिराने तोंड लपवायचं कारण काय? लाज ज्याने कुलूप लावलं नाही त्याला वाटायला हवी.

खाती वेगळी केली तरी दोन ठिकाणी आपण हमखास फसतो.

पहिलं ठिकाण डी ड्राइव्ह. आपल्याकडे दुकानदार डिस्कचे तुकडे करून देतो, सी आणि डी, कधी ई. मशीन बिघडलं की सी पुसायचा, म्हणून सगळं डीमध्ये ठेवायची सवय लागली आहे. सवय चांगली, पण खात्याचं कुलूप फक्त सीमधल्या 'यूजर्स' फोल्डराला आपोआप लागतं. डीमध्ये केलेलं फोल्डर एरवी सगळ्या खात्यांना उघडं असतं. वाचताही येतं, बदलताही येतं. तिथे कुलूप हवं असेल तर फोल्डराच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी'त जाऊन कोणाला दिसावं आणि कोणाला नाही हे हाताने ठरवावं लागतं.

दुसरं ठिकाण जास्त वाईट. घरातल्या प्रत्येकाला 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून ठेवायचं. एक्सपीच्या काळात मशीन पहिल्यांदा लावताना केलेलं प्रत्येक खातं आपोआप अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच व्हायचं. ती सवय अजून हाडात आहे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने दुसऱ्याचं फोल्डर उघडायला घेतलं की विंडोज म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही. खाली 'कंटिन्यू'चं बटण असतं. ते दाबलं की त्या फोल्डराची परवानगी मिळते, तीही कायमची. पाच माणसं, पाच खाती आणि पाचही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतील तर तो नुसता देखावा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं एकच ठेवा, तेही रोजच्या वापराचं नको. त्याचा पासवर्ड प्रोग्रॅम बसवताना लागेल तेवढ्यापुरता वापरायचा. बाकी सगळे 'स्टँडर्ड', ज्याच्या पैशातून मशीन आलं तोसुद्धा.

क्रोममध्ये वेगवेगळी चित्रं लावलेली प्रोफाइलं केली म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. त्याच विंडोज खात्यात बसलेला माणूस एका टिचकीत दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जातो. गूगल स्वतःच सांगतं की ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांच्यासोबतच मशीन वाटून घ्या.

एका खात्यात अनेक जण बसले की काय होतं, याचा धडा संगणकाच्या इतिहासात फार लवकर गिरवला गेला. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये सीटीएसएस नावाची व्यवस्था चालवून दाखवली. एका प्रचंड मशिनावर अनेक जण एकाच वेळी, आपापल्या जागेवरून काम करत. प्रोग्रॅम सामायिक, फाइली ज्याच्या त्याच्या आणि प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड. आज आपण जे 'खातं' म्हणतो ते मुख्यतः इथून आलं. व्यवस्थेच्या स्वतःच्या फाइलींसाठीही एक जागा होती आणि तिथे एका वेळी एकानेच जायचं, असा नियम होता. पुढे देखभाल करणाऱ्यांची संख्या डझनभर झाली. त्यांना हा नियम जाचायला लागला. आम्ही जपून काम करू, आम्हाला एकत्र बसू द्या, म्हणून त्यांनी कॉर्बाटोंना गळ घातली आणि कॉर्बाटोंनी ते मान्य केलं.

मग एके दुपारी जो कोणी मशिनावर आला त्याला रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांच्या पासवर्डांची अख्खी यादी छापून मिळाली. देखभाल करणारे दोघे एकाच वेळी त्या एकाच जागेत वेगवेगळ्या फाइली दुरुस्त करत होते. एकाकडे रोजची सूचना, दुसऱ्याकडे पासवर्ड. तिथला एडिटर तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच नाव द्यायचा, कारण एका जागेत एकच माणूस असणार असं गृहीत धरून तो लिहिलेला होता. दोघांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात कॉर्बाटोंनी हे सगळं स्वतः सांगितलं आहे. त्यात चोर कोणी नव्हता, वाईट हेतू कोणाचाच नव्हता. अत्यंत हुशार माणसांनी 'आम्ही जपून राहू' एवढ्या शब्दावर एका खात्यात दोघांना बसवलं, इतकंच. मग मला सांगा, पेणच्या सेवा केंद्रात एका खात्यावर तीन ऑपरेटर पाळीपाळीने बसतात तिथे कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा?

सेवा केंद्राचं नाव निघालंच आहे तर तिथलं सविस्तर बोलू. २०२४ च्या जूनअखेरीस लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि पुढचे काही आठवडे गावोगावच्या केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, फोटो, हमीपत्र, सगळं स्कॅन झालं किंवा दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. अर्ज भरला गेला, बाई घरी गेली. तिचे कागद? ते 'डाउनलोड्स'मध्ये राहिले. 'स्कॅन ००१', 'स्कॅन ००२' करत राहिले. पुढच्या गिऱ्हाइकाची फाइल शोधताना ऑपरेटर यादी खाली सरकवतो आणि काउंटरवर वाकून उभ्या असलेल्या चार माणसांना दहा बायकांची आधारकार्डं दिसतात.

कोणी म्हणेल, ई-आधारच्या फाइलीला पासवर्ड असतो. असतो की! नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. समोर फॉर्मच भरलेला असताना हा पासवर्ड ओळखायला कितीसा वेळ लागणार?

सरकारला हे कळत नाही असं नाही. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने लोकांना सांगितलं होतं की सार्वजनिक संगणकावरून ई-आधार उतरवून घेणं टाळा, घेतलंच तर सगळ्या प्रती त्या मशिनावरून कायमच्या पुसा. सल्ला सोळा आणे खरा होता. त्याच पत्रकात आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका असंही होतं, त्यावरून गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत, २९ मे रोजी, केंद्राने अख्खं पत्रक मागे घेतलं. कारण दिलं, गैरसमज होऊ शकतो. झेरॉक्सचा मुद्दा दुरुस्त करता आला असता. सार्वजनिक मशिनावरून आपली प्रत पुसा, यात कोणाचा काय गैरसमज होणार होता?

२०११ चे सायबर कॅफेचे नियम पाहा. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र घ्या, नोंदवही वर्षभर ठेवा, कोणी कोणती संकेतस्थळं पाहिली त्याची नोंद ठेवा, आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, उघड्यावरच्या मशिनांचे पडदे सगळ्यांना दिसतील असे मोकळ्या जागेकडे वळवा. गिऱ्हाइकावर नजर कशी ठेवायची हे फुटाइंचात सांगितलं आहे. गिऱ्हाइकाचा कागद पुढच्या गिऱ्हाइकापासून कसा झाकायचा, याबद्दल इतकी बारकाई कुणी दाखवली असती तर?

केंद्रचालकांशी माझं वैर नाही. कमी पैशात मान मोडेपर्यंत काम करणारी ही पोरं आहेत. सर्व्हर बसला की लोकांच्या शिव्याही तीच खातात. पण त्यांना करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं काहीही महाग नाही. प्रत्येक ऑपरेटरचं वेगळं खातं. गिऱ्हाइकाच्या कामासाठी आणखी एक स्टँडर्ड खातं, ज्यात दुकानाचं स्वतःचं काहीच नाही. गिऱ्हाइकाला स्वतःची ईमेल उघडायची असेल तर ब्राउझरची 'गेस्ट' खिडकी. ती बंद केली की त्याची लॉगिनं जातात. मात्र उतरवलेल्या फाइली डिस्कवर तशाच राहतात, त्या हाताने पुसाव्या लागतात. हात विसरतो, म्हणून 'स्टोरेज सेन्स'मध्ये डाउनलोड्समधल्या न उघडलेल्या फाइली एका दिवसानंतर आपोआप जाव्यात अशी सोय आहे, ती चालू करावी. आणि ग्रामपंचायतीत किंवा कार्यालयात जिथे साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल पिनसकट ऑपरेटरच्या खणात राहतं, तिथल्या साहेबांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी एकदा वाचावं. दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. उद्या काही झालं तर अडकेल तो मात्र आठ-दहा हजारांवर राबणारा पोरगा.

आता घराकडे वळू, कारण मला मुख्य बोलायचंय ते घराबद्दलच.

'आमच्या घरात कोणापासून कोणाला काय लपवायचंय?' हे वाक्य कोण बोलतं ते बघा. ज्याच्या नावावर मशीन आहे तो. ज्याला रात्री मशीन मिळतं तो. सुनेला हे वाक्य बोलताना मी ऐकलेलं नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यात पाळीने काम करणारा मुलगा रात्रपाळीहून येतो, दुपारी बायकोला तासभर संगणक मिळतो. ती नोकरी शोधते. माहेरी पत्र लिहिते. अंगावरून जास्त जातंय म्हणून त्याबद्दल वाचते. गर्भाशयाच्या गाठींबद्दल वाचते. संध्याकाळी सासऱ्यांनी पत्त्याच्या जागी पहिलं अक्षर टाइप केलं की तिची दुपार ब्राउझर त्यांच्यापुढे मांडतो. दुसऱ्या दिवसापासून ती वाचणं बंद करते. तिने काही लपवलेलं नसतं. तिच्याकडून एक दार काढून घेतलेलं असतं, आणि जे दार काढलं ते त्या घरात कुणाच्या नजरेतही येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा आला, त्यात माहितीची राखण न करणाऱ्यांना अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण घरगुती आणि वैयक्तिक कामाला तो कायदा लागू होत नाही. तसंच असायला हवं. सासऱ्यांवर कोणी फिर्याद करावी असं मी म्हणत नाही. मात्र याचा अर्थ असा की उंबरठ्याच्या आत त्या बाईच्या हाती खात्याच्या पासवर्डाशिवाय दुसरं काही नाही. तो तिला द्यायचा की नाही, हे घराने ठरवायचं आहे.

मुलांचंही तेच. दहा वर्षांच्या पोराच्या खात्यावर आईवडिलांनी वेळेचं बंधन घालावं, काय बसवायचं ते आपण ठरवावं, आणि त्याला हे सांगून करावं. बारावीच्या मुलीच्या फोल्डरात तिच्या पाठीमागे शिरू नये. तिच्या प्रवेशाचा पासवर्ड धाकट्या भावाच्या हाती लागला आणि खेळता खेळता पसंतीक्रम बदलला गेला, तर ते वर्ष तिचं जाणार आहे.

आजोबांना पासवर्ड लक्षात राहत नाही, हा आक्षेप खरा आहे. विंडोजमध्ये चार आकडी पिन चालते. ती त्यांच्या डायरीत लिहून ठेवली तरी बिघडत नाही. डायरी निदान त्यांच्या उशाशी असते.

एक मर्यादा सांगायला हवी. वेगळी खाती घरच्यांपासून आणि सहकाऱ्यांपासून आडोसा देतात. डिस्क काढून नेणाऱ्यापासून देत नाहीत. त्यासाठी डिस्कच कूटबद्ध करावी लागते. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, होमवाल्या काही नव्या मशिनांत त्याचाच साधा प्रकार मिळतो. चालू करताना जी लांबलचक रिकव्हरी की मिळते ती कागदावर छापून कपाटात ठेवा, ती हरवली तर आपलेच फोटो आपल्याला मिळायचे नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे पेण-रोह्यातली कितीतरी मशिनं पुन्हा उघडावी लागणार, काही नवी घ्यावी लागणार. संगणकवाला घरी येईल, मशीन पुसेल, विंडोज घालेल आणि नाव विचारल्यावर आपल्या सोयीसाठी 'यूजर' टाकून मोकळा होईल. त्या वेळी त्याच्या बाजूला खुर्ची ओढून बसा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर एक आणि घरातल्या प्रत्येकाचं वेगळं स्टँडर्ड खातं, त्याच्या नाहीतर तिच्या स्वतःच्या नावाने, एवढं त्याच्याकडून करून घ्या. फाँट सगळ्यांसाठी बसवायला सांगा. डीमध्ये प्रत्येकाचं फोल्डर आणि त्याची परवानगी लावून घ्या. तासभर जास्त लागेल, तो शे-दोनशे रुपये जास्त मागेल, ते द्या. आणि सुनेने स्वतःचा पासवर्ड टाइप करायला घेतला की तेवढा वेळ सगळ्यांनी खोलीबाहेर जा.